नातेपुत्याचा जमाव आणि संगमावरचा बंगला

१८१७ साल नुकतंच उजाडलं होतं. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रज रेसिडेंटाचा बंगला होता आणि त्या बंगल्यावर एक बातमी येऊन थडकली: नातेपुत्याच्या आसपास, शंभू महादेवाच्या डोंगराच्या कडेने, हत्यारबंद माणसं गोळा होताहेत. स्वार आहेत, प्यादे आहेत, त्यांना पैसा पोचतो आहे आणि त्यांचा करविता धनी त्रिंबकजी डेंगळे आहे. रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने शनिवारवाड्याला जाब विचारला. वाड्याने कानांवर हात ठेवले. तरी इंग्रजांची समजूत पडावी म्हणून पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याकडची फौज त्या बाजूला रवाना झाली. फौजेने तिकडे तळ दिला आणि कळवलं, की इथे बंडवाला म्हणून कोणी नाही. बंगल्यातल्या बातमीदारांचं म्हणणं नेमकं उलट होतं. ज्यांना हुसकायला फौज गेली, त्यांच्याच शेजारी ती मुक्काम ठोकून बसली आहे, असं ते सांगत होते.

एका गावाबद्दलच्या या दोन परस्परविरोधी बातम्या. त्यांतून चार महिन्यांत एक तह निघाला आणि नऊ महिन्यांत एक युद्ध. मराठी राज्य बुडालं ते तोफांनी, पलटणींनी, असं आपण शाळेत शिकतो आणि ते खोटं नाही. पण त्याच्या आधी एक लढाई होऊन गेली होती. ती बातम्यांची होती आणि ती लढणारी माणसं उघडपणे वकील म्हणून, कारभारी म्हणून, मुनशी म्हणून दरबारात बसत-उठत होती.

आज नातेपुते म्हटलं, की वारकऱ्याला पालखीचा मुक्काम आठवतो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरड करत धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम नातेपुत्याला पडतो. दुसऱ्या दिवशी माळशिरसच्या वाटेवर सदाशिवनगरचं रिंगण. रस्ता आता चांगला रुंद झाला आहे, कालव्याच्या पाण्यावर दोन्ही अंगांना ऊस उभा असतो. या हिरव्या रंगामुळे जुना मुलूख ओळखू येत नाही, इतकंच. तो डोळ्यांपुढे आणायचा तर कालवे पुसून टाकायचे. मग उरतो उत्तरेला नीरेचा काठ, दक्षिणेला शिखर शिंगणापूरपासून पसरलेली शंभू महादेवाची उघडी रांग आणि मधली कोरडी, दगडाळ जमीन. पश्चिमेची वाट फलटणच्या निंबाळकरांच्या जहागिरीत जाते, दक्षिणेची घाट चढून माणदेशात उतरते, पूर्वेची भीमेकडे आणि तिथून पुढे निजामाच्या हद्दीकडे. एका रात्रीत हद्द बदलता येईल, डोंगरात शिरता येईल, आणि तरीही पुण्याशी जासुदाच्या चालीचा संबंध राखता येईल, अशी ती जागा आहे.

शिवाय यात्रेचा आडोसा. पंढरीच्या वाटेवर माणूस दिसला, तर त्याला कोणी कुठे निघालास असं विचारत नाही. चैत्रात शिंगणापूरची यात्रा भरते, खांद्यावर कावडी घेऊन माणसं मुंगी घाट चढतात, आणि जमाव सुरू झाला तो त्याच्या थोडाच आधी. गोसावी, बैरागी, तीर्थाला निघालेला ब्राह्मण, घोड्याचा व्यापारी ही सगळी त्या काळच्या बातमीदारांची नेहमीची सोंगं होती. (पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे पूर्वी ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी होते. फौजेच्या मुक्कामांची घडी त्यांनी वारीला बसवली असं म्हणतात, ते पटण्यासारखं आहे. पण तो सोहळा या घटनेनंतरचा.)

•

वकील या माणसाकडे आज आपण कोर्टातला म्हणून पाहतो. पेशवाईत वकील म्हणजे परक्या दरबारात राहणारा आपला माणूस. दिल्लीला हिंगणे होते, हैदराबादला गोविंदराव काळे. त्यांची पत्रं वाचली, तर त्यांत मानपान आणि नजराणे थोडे, बाकी मजकूर निराळाच: अमुक सरदाराची फौज किती, पगार किती महिने थकला, नवाबाची तब्येत कशी, रात्री कोण कोणाला भेटलं, धान्य काय भावाने मिळतं. पगार थकल्याची बातमी लढाईच्या बातमीइतकीच मोलाची असे, कारण थकलेली फौज फोडता येते. वकिलाने हे कळवावं यात कोणालाच गैर वाटत नव्हतं. त्यासाठीच तर त्याला पालखी आणि नेमणूक मिळे.

इंग्रजांचा वकील पुण्यात पहिल्यांदा नीट बसला तो १७७२ साली. त्याचं नाव मॉस्टिन. तेव्हा नाना फडणीस या खेळातला पुरा तरबेज माणूस होता. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच चौलला उतरला, फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवत पुण्यात आला. त्याचा अधिकार कितपत खरा याबद्दल शंकाच होती. नानांनी त्याला थाटाने दरबारात घेतलं आणि इंग्रजांचं डोकं भणाणून सोडलं. युरोपात इंग्रज-फ्रेंच युद्धाचे ढग जमत होते. पुण्यात एका फ्रेंचाचा सत्कार झाला, की मुंबई आणि कलकत्ता दोन्हीकडे झोप उडत असे. हेरगिरी नुसती बातमी काढण्यापुरती नसते, समोरच्याला हवी ती बातमी दिसू देणं हाही तिचाच भाग आहे, हे नानांना पक्कं ठाऊक होतं.

१७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून आला आणि संगमावर त्याचं ठाणं बसलं. जागा शहराच्या बाहेर, पण शहर दिसेल इतक्या जवळ. पुढच्या तीस वर्षांत त्या ठाण्याचं स्वरूप बदलत गेलं. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पत्करली, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय इतर दरबारांशी बोलणी करायची नाहीत हेही कबूल केलं. म्हणजे संगमावरचा माणूस आता पाहुणा राहिला नाही. तो दारावरचा चौकीदार झाला.

हे फक्त हिंदुस्थानातच चाललं होतं असं मात्र नाही. लंडनच्या टपाल खात्यात त्या काळी एक गुप्त कचेरी होती. परदेशी वकिलांची पत्रं उघडायची, नक्कल करायची, लाख पुन्हा जशीच्या तशी बसवायची, हे तिचं रोजचं काम. ती १८४४ पर्यंत चालू होती. १८१५ च्या मार्चमध्ये व्हिएन्नात युरोपच्या राज्यांनी वकिलांचे दर्जे ठरवले, कोण आधी बसेल आणि कोण नंतर यावरची भांडणं मिटवली. त्याच वर्षी जुलैत पंढरपुरात एका वकिलाचा खून झाला.

•

त्या खुनाकडे जाण्याआधी दोन माणसांची ओळख हवी.

पहिला एल्फिन्स्टन. विशीतच त्याने पुण्याच्या रेसिडेन्सीत उमेदवारी केली, १८०३ मध्ये असईच्या लढाईत तो वेलस्लीच्या बरोबर घोड्यावर होता, मग नागपूरला रेसिडेंट झाला. १८०८ मध्ये त्याला काबूलच्या वकिलातीवर धाडलं. कारण हजारो कोसांवरचं होतं: नेपोलियन आणि रशियाचा झार यांचं टिल्सिटला सूत जुळलं होतं, फ्रेंच जनरल गार्दान तेहरानमध्ये येऊन बसला होता आणि इराण-अफगाणिस्तानातून फ्रेंच फौज उतरेल अशी धास्ती कलकत्त्याला होती. एल्फिन्स्टन पेशावरला शाह शुजाला भेटला, १८०९ मध्ये तह केला आणि येताना त्या सगळ्या मुलखाच्या वाटा, टोळ्या, पिकं, बाजार लिहून घेऊन आला. पुढे त्यातूनच त्याचं काबूलवरचं गाजलेलं पुस्तक झालं. वकिलाच्या पोशाखात मुलूख कसा वाचायचा, ही त्याची विद्या. १८११ मध्ये ती घेऊन तो पुण्याला आला.

दुसरा त्रिंबकजी डेंगळे. निमगाव जाळीच्या पाटील घराण्यातला. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे घेतलं आणि बाजीराव कोकणात पळाला, तेव्हा पुण्याचं एक पत्र घेऊन हा महाडला पोचला आणि जबाब घेऊन इतक्या झपाट्याने परत गेला, की बाजीरावाच्या नजरेत भरला. ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याचा मूळ धंदा जासुदाचा, म्हणून नोंदवला आहे. दहा-बारा वर्षांत हा जासूद पेशव्याचा सर्वांत जवळचा कारभारी झाला. इंग्रज इतिहासकारांना यात बाजीरावाच्या हलक्या संगतीचा पुरावा दिसतो. मला निराळं दिसतं. ज्या राज्याला उघड वकील पाठवायची बंदी आहे, त्या राज्याचा धनी विश्वास कोणावर टाकेल? निरोप पोचवणाऱ्यावरच.

मधल्या माणसांची तर गर्दीच होती. खुश्रूजी मोदी हा पारशी गृहस्थ रेसिडेन्सीचा देशी कारभारी. दरबाराशी बोलणं त्याच्यामार्फत होई. त्याच वेळी पेशव्याने त्याला कर्नाटकाची सरसुभेदारीही दिली होती. म्हणजे एकाच माणसाच्या दोन्ही घरी चुली. एल्फिन्स्टनने त्याला एक नोकरी निवडायला लावली, त्याने रेसिडेन्सीची ठेवली, पण आरोप थांबले नाहीत. शेवटी पुणे सोडून गुजरातेत जायचं ठरलं आणि निघण्याच्या सुमारास तो विषाने मेला. स्वतः घेतलं की कोणी घातलं, यावर तेव्हाही दोन तट होते. दरबारातले सदाशिवराव माणकेश्वर पूर्वी हैदराबादच्या वकिलीवर राहून आलेले. या मंडळींना एकमेकांचे कागद कुठून फुटतात हे चांगलं ठाऊक होतं, आणि तरीही सगळे एकाच बैठकीत विडे घेत.

•

गंगाधरशास्त्री पटवर्धन १८१४ मध्ये बडोद्याहून पुण्याला आले ते गायकवाडांचे वकील म्हणून. अहमदाबादचा इजारा आणि पेशव्यांच्या जुन्या येण्याचा हिशेब असं काम होतं. पण शास्त्री इंग्रजांच्या हमीवर आले होते. बडोद्याच्या रेसिडेन्सीत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं. चालणं-बोलणं झपझप, मधूनच इंग्रजी शब्द, पेशव्यांच्या कारभाऱ्यांबद्दल उघड तुच्छता. एल्फिन्स्टनला या माणसाची गंमतही वाटे आणि उपयोगही कळे. पुण्यात बडोद्याच्या विरोधी गटाचे हस्तकही येऊन बसले होते, आणि त्यांना त्रिंबकजीचा आसरा होता.

दरबाराने शास्त्र्यांना आधी गोडीने घ्यायचं ठरवलं. पेशव्याच्या मेहुणीचा शास्त्र्यांच्या मुलाशी विवाह ठरला, नाशिकला तयारी झाली आणि मग शास्त्र्यांनीच पाय मागे घेतला. हा अपमान बाजीराव विसरला नाही, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आषाढीला तो पंढरपूरला गेला तेव्हा शास्त्री बरोबर होते. २० जुलै १८१५ च्या रात्री अंगात कसर असल्याने शास्त्र्यांनी देवळात जायला नकार दिला. निरोपावर निरोप आले. शेवटी ते गेले, दर्शन झालं, त्रिंबकजीशी बोलणंही झालं, आणि परत येताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना तोडलं. एल्फिन्स्टन तेव्हा वेरूळची लेणी बघत होता.

पुढचं वेगाने झालं. एल्फिन्स्टनने आपल्या माणसांकरवी चौकशी केली, बोट त्रिंबकजीकडे दाखवलं आणि त्याला ताब्यात मागितलं. पेशव्याने आधी त्याला वसंतगडावर ठेवून पाहिलं, पण निभावलं नाही. सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या हाती गेला आणि ठाण्याच्या किल्ल्यात पडला.

तिथून तो १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री निसटला. या सुटकेची कथा बिशप हेबरने लिहून ठेवली आहे. पहारा सगळा गोऱ्यांचा ठेवला होता, देशी शिपाई फितूर होतील म्हणून. पण गोऱ्यांना मराठी येत नव्हतं. एका साहेबाचा मराठा मोतद्दार घोड्याला मालिश करताना खिडकीखाली गाणी म्हणायचा आणि पळायचा सगळा बेत त्या गाण्यांतून आत जायचा. गाण्याचा भाग किती खरा आणि किती नंतर रंगवलेला, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण पहारेकऱ्याला भाषा न येणं हा आपल्या बाजूचा किती मोठा फायदा, हे या जासुदाला नेमकं उमजलं होतं. भिंतीला भोक पाडून तो तबेल्यात उतरला आणि अंधारात नाहीसा झाला.

•

सुटल्यानंतर त्रिंबकजी नाशिक-संगमनेरच्या डोंगरात, खानदेशात, वऱ्हाडाकडे आणि नीरेच्या दक्षिणेला महादेवाच्या डोंगरात फिरत होता. भिल्ल, रामोशी, मांग, पेंढारी, घरी बसलेले शिलेदार अशी माणसं त्याला मिळत होती. पेशव्याकडून पैसा जात होता. फुलगावच्या बाजूला एका खेड्यात दोघांची निदान एक गुप्त भेट झाली, असं ग्रँट डफ सांगतो.

त्याच वेळी बाजीरावाचे निरोप ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर आणि पेंढाऱ्यांच्या छावण्यांकडे जात होते. लेखी कमी, तोंडी जास्त. सगळ्या मराठी सरदारांनी एकदम उठायचं, असा तो बेत. नागपूरला मे १८१६ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौज घेतली आणि तिथला रेसिडेंट जेंकिन्स दारात येऊन बसला. हैदराबादला रसेल, बडोद्याला आणि ग्वाल्हेरला आणखी रेसिडेंट. या सगळ्यांचा आपापसांत टपाल-व्यवहार. एका दरबारातून निघालेला जासूद दुसऱ्या दरबारी पोचायच्या आत त्याच्या येण्याची खबर तिथल्या बंगल्यावर पोचलेली असायची. बाजीरावाचे निरोप्ये कोणी हलके नव्हते. पण प्रत्येक निरोप्या एकटा होता, आणि समोर जाळं होतं.

नातेपुत्याचा जमाव या चौकटीत बसवून पाहावा लागतो. नुसता दरोडेखोरांचा घोळका असता, तर रेसिडेंटाने एवढा बाऊ केला नसता. त्याचा तर्क असा होता, की जमाव पेशव्याच्या पैशावर पोसला जातो आहे, आणि हे सिद्ध झालं तर पेशव्याने तह मोडला असं म्हणता येईल. म्हणून गोखल्यांच्या तळावरून ‘कोणी नाही’ असा अहवाल आला, तेव्हा एल्फिन्स्टन खरं म्हणजे नाराज झाला नसावा. तो अहवालच त्याच्या हातातला पुरावा झाला. मार्चपासून त्याने तैनाती फौजेच्या तुकड्या हलवायला सुरुवात केली. खानदेशात गोदाजी डेंगळे उठला होता. त्याला निजामाच्या स्वारांच्या कॅप्टन डेव्हिसने एप्रिलमध्ये उधळलं.

इथे प्रश्न येतो, की नातेपुत्याला खरोखर काय होतं? आपल्याला जे कळतं, ते जवळपास सगळं एका बाजूच्या कागदांतून. बातमीदार रेसिडेन्सीचे, त्यांचा पगार रेसिडेन्सीचा, आणि धन्याला काय ऐकायचं आहे हे त्यांना ठाऊक. असा बातमीदार दोनशे माणसं दोन हजार करून सांगतो, हे जगभरचं आहे. तरीही जमाव बनावट होता असं मला वाटत नाही. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ साताऱ्यात पोलिटिकल एजंट होता, आणि लढाईनंतर सगळ्या बाजूंच्या माणसांना तो जाऊन विचारत होता. नातेपुते-माळशिरसचा मुलूख तेव्हा सातारच्या राज्यातच होता, तो सोलापूर जिल्ह्यात आला १८७५ मध्ये. म्हणजे जमावाची जागा त्याच्या हाताखालची. त्याला लपवून काही मिळायचं नव्हतं, कारण खेळ संपलेला होता. त्यानेही जमाव खरा मानला. जमावाचा आकार आणि त्याचा पुण्यावर चालून जायचा इरादा मात्र मी एल्फिन्स्टनच्या शब्दावर घेणार नाही.

एप्रिल संपत आला तरी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या सूचना पुण्याला आल्या नव्हत्या. ओडिशात पाइकांचं बंड पेटलं होतं आणि कटकच्या वाटेने येणारी कलकत्त्याची डाक अडकली होती. हेरांचं एवढं जाळं विणणाऱ्या सरकारची स्वतःची डाक हजार मैलांवरच्या बंडाने खोळंबते, हे ऐकायला गमतीचं आहे. पण त्यामुळे एल्फिन्स्टन गप्प बसला नाही. त्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाऊल टाकलं. मेच्या पहिल्या आठवड्यात मागणी गेली: एका महिन्यात त्रिंबकजी स्वाधीन करा आणि तारण म्हणून सिंहगड, पुरंदर, रायगड ताबडतोब द्या. ८ मे रोजी पुण्याभोवती फौज उभी राहिली. बाजीराव नमला. किल्ले दिले आणि ज्याला तो पैसा पोचवत होता, त्याच त्रिंबकजीला पकडून देणाऱ्याला दोन लाख रुपये आणि गाव इनाम देण्याचा जाहीरनामा त्याच्याच नावाने निघाला.

मग १३ जून १८१७ चा पुण्याचा तह. त्यातली मुलखाची कलमं मोठी आहेत: चौतीस लाखांचं उत्पन्न, अहमदनगरचा किल्ला, गायकवाडांवरचे हक्क. शाळेच्या पुस्तकात तीच येतात. मला त्यातलं वकिलांचं कलम जास्त महत्त्वाचं वाटतं. पेशव्याने कोणत्याही दरबारात वकील ठेवायचा नाही, कोणाचा वकील आपल्याकडे ठेवून घ्यायचा नाही, जे बोलायचं ते रेसिडेंटामार्फत बोलायचं. मराठा मंडळाचं धुरीणत्वही सोडायचं. एका सहीने पेशव्याचे डोळे काढून घेतले गेले. त्याला दिल्लीची, ग्वाल्हेरची बातमी हवी असेल, तर ती आता संगमावरच्या बंगल्यातून मागायची.

•

डोळे काढले, म्हणून माणूस चाचपडायचं सोडत नाही. ऑगस्टमध्ये सर जॉन माल्कम माहुलीला बाजीरावाला भेटला. पेंढाऱ्यांच्या मोहिमेत कंपनीला मदत करायची म्हणून फौज वाढवतो, असं बाजीरावाने त्याला पटवलं. माल्कम खूश झाला, किल्लेही परत मिळाले. नानांच्या तालमीतला जुना डाव, हवी ती बातमी दिसू द्यायची. एल्फिन्स्टनला मात्र तो पटला नाही.

कारण शहरात फितवाफितवी चालली होती आणि तिची खबर रोज येत होती. कॅप्टन फोर्डची पलटण दापोडीला होती, तिच्या शिपायांना फोडण्याचे प्रयत्न चालू होते. पेशव्याचे मोरो दीक्षित मराठे हे फोर्डचे स्नेही. त्यांनी त्याला लढाईतून बाजूला राहा असं सुचवल्याची हकीकत आहे. यशवंतराव घोरपड्यांना फितुरीच्या कामासाठी पैसा दिला गेला, आणि त्यांनी तो बेत एल्फिन्स्टनला सांगून टाकला. बाळाजीपंत नातू तर रेसिडेन्सीचेच माणूस. ऑक्टोबरच्या अखेरच्या एका रात्री एल्फिन्स्टन आणि ग्रँट डफ बंगल्याच्या गच्चीवर उभे राहून शहरातल्या फौजेचा गलबला ऐकत होते, अशी आठवण ग्रँट डफने दिली आहे.

उत्तरेत काय चाललं होतं, तेही पाहू. दौलतराव शिंद्यांचे जासूद नेपाळकडे निघाले असता पकडले गेले. जवळ संस्कृत पोथी. तिची पानं एकमेकांना चिकटवलेली, आणि मधे पत्रं. हेस्टिंग्जने ती पत्रं भर दरबारात शिंद्यांना परत देवविली, न उघडता. काही न बोलता सगळं बोलून झालं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी शिंद्यांनी ग्वाल्हेरचा तह केला. त्याच दिवशी, पुण्याला याची वार्ताही नसताना, बापू गोखल्यांनी खडकीवर चाल केली. एल्फिन्स्टन बंगला सोडून नदी उतरून खडकीच्या फौजेला मिळाला. त्याच्यामागे बंगला पेटला. पुस्तकं, टिपणं, कागद सगळं गेलं. मोरो दीक्षित त्या लढाईत पडले. आप्पासाहेब भोसल्यांनी पेशव्याकडून आलेली सेनापतीची वस्त्रं घेतली ती २४ नोव्हेंबरला, म्हणजे पुणे पडून आठवडा झाल्यावर. होळकरांची फौज महिदपूरला लढली २१ डिसेंबरला. एकदम उठायचा बेत तुकड्यातुकड्यांनी उठला, कारण उठायची वेळ इतरांना कळवायला पेशव्याकडे वकीलच उरले नव्हते.

शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण बाळाजीपंत नातूंनी चढवलं असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि त्यांच्या नावावर सगळा दोष जमा होतो. नातूंची बाजू घ्यायचं मला काही कारण नाही. पण एका माणसाला घरभेदी ठरवलं, की पंचेचाळीस वर्षांचा हिशेब मिटवल्यासारखा होतो. खुश्रूजी, घोरपडे, बडोद्याचे हस्तक, मुनशी, अखबारनवीस, डाकेचे हरकारे, आणि फितुरीचा पैसा घेऊन ती गोष्ट दुसऱ्या दारी विकणारे कितीतरी बिननावाचे लोक. बाजीराव एकाच वेळी चौघांना वेगवेगळं सांगे आणि कोणावरच पुरता विसंबत नसे. अशा धन्याचं गुपित विकणं जोखमीचं नव्हतं, कारण कोणी विकलं हे त्याला कधीच नेमकं कळत नसे.

नातेपुत्याला ‘कोणी नाही’ म्हणणाऱ्या फौजेचे धनी बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला पडले, आजच्या सोलापूर जिल्ह्यातच. बाजीराव ३ जूनला माल्कमच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला. त्रिंबकजी त्याच महिन्यात नाशिककडे अहेरगावला सापडला. त्याला चुनारच्या किल्ल्यात ठेवलं. यावेळी त्याला जन्मभर सुटता आलं नाही. १८२४ मध्ये बिशप हेबरने त्याला तिथेच पाहिलं, पाच वर्षांनी तो वारला.

•

वकिलांचं ते कलम मात्र मेलं नाही. २५ सप्टेंबर १८१९ ला सातारच्या प्रतापसिंह महाराजांशी कंपनीने तह केला, त्यात तेच कलम अधिक कडक होऊन आलं: बाहेरच्या कोणाशीही, रेसिडेंटाच्या नकळत, पत्रव्यवहार नाही. वीस वर्षांनी त्याच कलमावर महाराजांना पकडलं. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचे आरोप ठेवले, शिक्क्यांचे कागद पुढे केले. महाराज ते कागद बनावट आहेत म्हणत राहिले. या प्रकरणातही बाळाजीपंत नातूंचं नाव आहे. सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, आणि १८४७ मध्ये ते तिथेच वारले.

पण गादी गेल्यावर महाराजांनी तेच केलं जे करायची बंदी होती. वकील नेमला, आणि तो थेट लंडनला पाठवला. रंगो बापूजी गुप्ते. तिथे त्यांनी जवळजवळ चौदा वर्षं काढली. इंग्रजी शिकले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बोलले, पत्रकं छापली, पार्लमेंटच्या सभासदांच्या दारात उभे राहिले आणि कर्जात बुडाले. ज्या सरकारने रेसिडेन्सीतून पुण्याचं घर वाचलं होतं, त्याच्या राजधानीत बसून हा मराठी वकील त्याचं घर वाचत होता, आणि वाचलेलं इकडे कळवत होता. काम झालं नाही. ते परत आले. १८५७ मध्ये साताऱ्यात उठावाची जुळवाजुळव उघडकीला आली, त्यांच्या मुलाला, सीतारामला, आणखी काही जणांबरोबर मृत्युदंड झाला. रंगो बापूजींना पकडण्यासाठी सरकारने इनाम लावलं, डाकेने वर्णनं फिरवली, माणसं धाडली. ते सापडले नाहीत.